विरोधी बाकावरील डॉ. आंबेडकर : राज्यसभेतील भाषणांचे पुनर्वाचन (जालना जिल्ह्याच्या संदर्भासह)

प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संसदीय कार्याचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा दोन ठिकाणी स्थिरावते. संविधानसभेतील मसुदा समितीचे अध्यक्षपद हे पहिले ठिकाण आणि हिंदू कोड बिलाचा संघर्ष हे दुसरे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि तेथेच त्यांच्या संसदीय जीवनाची कथा संपली, असा समज महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतून व जयंतीच्या व्याख्यानांतून नकळत रुजलेला आहे. वस्तुतः त्यानंतरची पाच वर्षे, म्हणजे ६ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या महापरिनिर्वाणापर्यंतचा जवळजवळ सर्व काळ, ते संसदेत विरोधी सदस्य म्हणून वावरत होते. चरित्रग्रंथांत ही वर्षे धर्मांतराची पूर्वतयारी म्हणून वाचली जातात. ते वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे.

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने प्रकाशित केलेल्या आणि वसंत मून यांनी संपादित केलेल्या इंग्रजी लेखन व भाषणे मालिकेतील पंधराव्या खंडात (१९९७) स्वतंत्र भारताचे पहिले विधिमंत्री आणि संसदेतील विरोधी सदस्य या दोन्ही भूमिकांमधील आंबेडकर एकत्र आले आहेत. या खंडाच्या उत्तरार्धाकडे समीक्षकांचे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या उत्तरार्धातील सामाजिक न्यायविषयक भाषणांचा परामर्श घेतला असून, ती भाषणे मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील, आजच्या प्रश्नांसमोर ठेवून तपासली आहेत.

जालन्याचा संदर्भ प्रथमदर्शनी ओढूनताणून आणल्यासारखा वाटण्याचा संभव आहे. १९५२ साली जालना हा हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. डॉ. आंबेडकर राज्यसभेवर निवडून गेले ते मुंबई राज्यातून. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जालना, अंबड, भोकरदन किंवा परतूर येथील माणसाचे ते प्रतिनिधी नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत बाबासाहेबांचे निधन झाले. स्वतंत्र जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. असे असूनही त्या भाषणांतील जमीन, बहिष्कार आणि प्रशासन हे तीन विषय या जिल्ह्याच्या गावगाड्याशी जितके थेट भिडतात तितके मतदारसंघाचे नाव घेऊन केलेले एखादे भाषणही क्वचितच भिडत असेल.

विरोधी सदस्याची घडण

विरोधी बाक आंबेडकरांना नवा नव्हता. मुंबई विधिमंडळात १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून १९३७ साली खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनीच मांडले. दोन्ही विधेयकांचा विषय वरवर पाहता महसुली होता, मात्र त्यांचा आशय सामाजिक होता. जातीची गुलामगिरी ही जमिनीच्या व वतनाच्या कागदात लिहिलेली असते आणि ती खोडायची तर कागदच बदलावा लागतो, ही त्यांची पद्धत तेव्हाच निश्चित झालेली होती. म्हणून १९५१ नंतरचे आंबेडकर हे सत्तेतून बाहेर पडल्यामुळे कडवट झालेले आंबेडकर होत, हे स्पष्टीकरण टिकत नाही. कडवटपणा होता, तो त्यांनी लपविलाही नाही. परंतु त्यांची पद्धत जुनीच होती.

ऑक्टोबर १९५१ मधील राजीनाम्याचे निवेदन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ते सभागृहात करण्यावरून पीठासीन अधिकाऱ्यांशी मतभेद झाला आणि आंबेडकर सभागृहाबाहेर पडले. निवेदन वृत्तपत्रांच्या हाती बाहेर देण्यात आले. म्हणजे विरोधी सदस्य म्हणून त्यांचे पहिले भाषण हे न झालेले भाषण होय. या निवेदनात हिंदू कोड बिलाची कोंडी आहे, परराष्ट्र धोरणावरील टीका आहे, महसुलाच्या प्रमाणात लष्करावर होणाऱ्या खर्चाचा हिशेब आहे. त्याचबरोबर मागासवर्गीयांसाठी संविधानाच्या ३४० व्या अनुच्छेदानुसार नेमावयाचा आयोग संविधान लागू होऊन वर्ष उलटले तरी नेमला गेला नाही, ही स्पष्ट तक्रारही आहे. तो आयोग काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९५३ मध्ये नेमला गेला. त्याने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि तो बासनात गेला.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीपासून अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर पोहोचले. पुढील वर्षी त्याच तालुक्यातील वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या हक्कांसाठी उपोषण झाले. एका तालुक्यातील या दोन मंडपांमध्ये जो वाद उभा राहिला त्याची घटनात्मक नाळ ३४० व्या अनुच्छेदाशी जाते. मात्र या दोन्ही ठिकाणच्या व्यासपीठांवर आणि त्यांवरील वृत्तपत्रीय लेखनात १९५१ च्या या निवेदनाचा उल्लेख अपवादानेच झाला. मागासलेपण कोणी, कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे हा प्रश्न आयोगाच्या जन्माआधी संसदेबाहेर वाटल्या गेलेल्या कागदात होता, याची जाण असती तर चर्चेची पातळी थोडी वेगळी राहिली असती.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंबेडकर उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला लोकसभेत दोनच जागा मिळाल्या. सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातील करीमनगरहून एम. आर. कृष्णा हे ते दोन सदस्य. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही आंबेडकरांना अपयश आले. एवढ्या तुटपुंज्या संख्याबळावर राज्यसभेत बसलेल्या सदस्याकडे सरकार पाडण्याचे, विधेयक अडविण्याचे किंवा सभात्यागाने खळबळ माजविण्याचे कोणतेही साधन नसते. त्याच्याकडे वाचन असते. आंबेडकरांनी सरकारी अहवाल, विधेयकांची कलमे आणि अंदाजपत्रकांचे तक्ते ज्या बारकाईने वाचले ती बारकाई हेच त्यांचे संख्याबळ होते.

जाळण्याच्या विधानाचे वाचन

या खंडातील एकच विधान सर्वतोमुखी झालेले आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावरील चर्चेत आंबेडकरांनी हे संविधान जाळावयाचे झाल्यास आपणच प्रथम पुढे होऊ, अशा आशयाचे उद्गार काढले. संविधानाचे विरोधक हे विधान आनंदाने उद्धृत करतात. संविधानाचे समर्थक ते अडचणीचे मानून टाळतात किंवा दोन वर्षांनंतरच्या खुलाशाने झाकतात. मार्च १९५५ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत डॉ. अनुपसिंह यांनी त्या विधानाची आठवण करून दिली असता, देवासाठी बांधलेल्या मंदिरात देव येण्याआधी दानवांनी ठाण मांडले तर ते मंदिर मोडण्याखेरीज उपाय काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते.

दोन्ही पक्षांनी चर्चेचा विषय सोडून दिला आहे. चर्चा चालली होती ती राज्यपालांच्या अधिकारांविषयी. नव्या भाषिक राज्यात एखादा समाज बहुसंख्य व वरचढ होणार, अशा वेळी लहान समाजांच्या रक्षणासाठी राज्यपालांकडे काही विशेष जबाबदारी असावी, ही आंबेडकरांची मागणी होती. राज्यपालाला नामधारी ठेवणारे संविधान तुम्हीच लिहिले, असा टोमणा समोरून आला. त्यावर, आपणास जे करावयास सांगितले गेले ते आपण बरेचदा मनाविरुद्ध केले, असे सांगत त्यांनी ते प्रसिद्ध उद्गार काढले आणि लगेच मूळ मुद्द्यावर परतले. लहान समाजांची भीती घालविणे हे बहुसंख्याकांचे कर्तव्य होय, आणि त्यांना ओळख दिल्याने लोकशाहीला बाधा येते हा युक्तिवाद धोकादायक होय, हा तो मुद्दा. जाळण्याचे वाक्य हे या युक्तिवादातील एक पायरी आहे. पायरीच उचलून नेल्यामुळे जिना कोठे जात होता हे वाचकाला कळेनासे झाले.

अर्थात मूळ मागणीचीही चिकित्सा व्हावयास हवी. राज्यपाल हा दुर्बलांचा तारणहार ठरेल, ही अपेक्षा पुढील इतिहासाने फारशी खरी ठरविलेली नाही. राज्यपालपदाचा वापर केंद्राच्या राजकीय सोयीसाठी झाला आणि १९९४ च्या बोम्मई निकालापर्यंत त्याला परिणामकारक लगाम बसला नाही. ज्या नेत्याने नोकरशाहीतील जातभावना इतक्या सूक्ष्मपणे ओळखली होती त्याने एका नियुक्त पदावर एवढी भिस्त ठेवावी, हे काहीसे आश्चर्यकारक वाटते. मात्र मराठवाड्यातील वाचकाला या ठिकाणी आणखी एक धागा दिसतो. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली ३७१ व्या अनुच्छेदात राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद आली. तिच्या आधारे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी १९९४ साली विकास मंडळे स्थापन झाली. विशेष जबाबदारीची कल्पना अशा रीतीने स्वीकारली गेली, परंतु समाजाच्या जागी प्रदेश आला. मराठवाड्याचा अनुशेष मोजला गेला, मराठवाड्यातील भूमिहीनाचा अनुशेष मात्र त्या कोष्टकात वेगळा काढला गेला नाही. त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मराठवाड्याविषयी आंबेडकरांचे स्वतःचे मत भाषिक राज्यांवरील त्यांच्या १९५५ च्या पुस्तकात आले आहे. निजामाने या भागाची केलेली उपेक्षा, सिंचनाचा अभाव आणि माध्यमिक शिक्षणाची दुरवस्था त्यांनी तेथे परखडपणे नोंदविली व मराठवाड्याचे स्वतंत्र राज्य सुचविले. ती सूचना मराठवाड्याने स्वीकारली नाही. परंतु १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढणाऱ्या माणसाचे हे निरीक्षण आहे, हे विसरून चालणार नाही. जालना, अंबड, परतूरकडील पहिल्या पिढीतील अनेक दलित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट त्याच आवारातून सापडली.

सप्टेंबर १९५४ : दोन भाषणे

या खंडाचा खरा गाभा सप्टेंबर १९५४ मधील दोन भाषणांत आहे. एक अनुसूचित जाती व जमाती आयुक्तांच्या अहवालावरील आणि दुसरे अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावरील. दोन्ही भाषणे एकाच महिन्यातील आहेत आणि ती जोडून वाचली तरच त्यांचा अर्थ पूर्ण होतो. दुर्दैवाने ती अशी जोडून वाचली जात नाहीत. कायद्याचे अभ्यासक एक वाचतात, अर्थशास्त्राचे अभ्यासक दुसरे.

विधेयकावरील भाषणाची सुरुवातच नावाच्या आक्षेपाने होते. सरकारने विधेयकाला अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचे नाव दिले होते. आंबेडकरांचे म्हणणे असे की, या नावामुळे धोब्याने कपडे न धुणे, न्हाव्याने दाढी न करणे, मिठाईवाल्याने लाडू न विकणे एवढ्याच किरकोळ गोष्टींपुरता हा कायदा आहे, असा ग्रह होतो. प्रश्न शिवाशिवीच्या गैरसोयीचा नसून नागरी हक्कांचा आहे. तेव्हा कायद्याच्या नावातच नागरी हक्कांचे संरक्षण हा शब्दप्रयोग आला पाहिजे.

सभागृहात ही सूचना पांडित्याचा भाग म्हणून ऐकली गेली असण्याची शक्यता आहे. ती तशी नव्हती. गुन्हा म्हटले की दृष्टी गुन्हेगाराकडे जाते, त्याच्या हेतूकडे व शिक्षेकडे जाते. हक्क म्हटले की दृष्टी हक्कदाराकडे जाते आणि तो हक्क त्याला प्रत्यक्षात बजावता येतो किंवा नाही हे पाहणे राज्यावर बंधनकारक होते. पहिल्या मांडणीत राज्य हे पंच असते. दुसऱ्या मांडणीत ते ऋणको असते. १९५५ साली कायदा झाला तो सरकारने दिलेल्या नावानेच. शिक्षा होती कमाल सहा महिने कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि न्यायालयाच्या परवानगीने गुन्ह्यात तडजोड करण्याची मुभा होती. पुढे १९७६ साली व्यापक दुरुस्ती होऊन त्याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले, किमान शिक्षा आली आणि तडजोडीची मुभा गेली. विरोधी बाकावरून आलेल्या एका शब्दप्रयोगाला कायद्याच्या पुस्तकात प्रवेश मिळण्यासाठी बावीस वर्षे लागली. या बावीस वर्षांत तडजोडीच्या मुभेखाली मिटविली गेलेली प्रकरणे कोणत्या दडपणाखाली मिटली असतील, याची कल्पना गावात राहिलेल्या कोणालाही करता येईल.

त्या दडपणाचे नावही आंबेडकरांनी त्याच भाषणात घेतले होते. सामाजिक बहिष्कार. दलितांनी एखादा हक्क बजावण्याचे ठरविले की गाव त्यांना मारहाण करीलच असे नाही. काम बंद होते, किराणा बंद होतो, गिरणीवर दळण घेतले जात नाही, शेतातून जाणारी वाट अडविली जाते. यांतील प्रत्येक कृती स्वतंत्रपणे पाहिली तर ती कोणाच्या तरी खासगी मर्जीची बाब दिसते. सर्व कृती एकत्र आल्या की त्यांतून उपासमार निर्माण होते. हे हत्यार गावगाड्याच्या हाती असताना केवळ पाणवठ्यावरील किंवा मंदिरातील अटकावाला शिक्षा ठरवून भागणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तसेच केंद्राने कायदा करावयाचा आणि अंमलबजावणी राज्यांवर सोपवून मोकळे व्हावयाचे, या व्यवस्थेलाही त्यांनी हरकत घेतली. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा ठरविण्याचा अधिकार संविधानाच्या ३५ व्या अनुच्छेदाने फक्त संसदेकडे दिला आहे, तेव्हा जबाबदारीही तेथेच राहावी, ही भूमिका तर्कशुद्ध होती. जालन्यासारख्या जिल्ह्यात तालुक्याच्या ठाण्यावर तक्रार घेणारा, पंचनाम्याला पंच आणणारा आणि साक्षीदार ज्याच्या शेतावर मजुरीला जातो तो, हे सर्व एकाच सामाजिक वर्तुळातील असू शकतात. दिल्लीतील सभागृहात केलेला हा मुद्दा खरे म्हणजे ठाण्याच्या दारातला आहे.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्या कायद्यामागे जातपंचायतींच्या अन्यायाचा अनुभव प्रामुख्याने होता. म्हणजे समाजाने आपल्याच सदस्याला वाळीत टाकणे हा त्याचा मुख्य रोख. गावाने एका वस्तीलाच वाळीत टाकणे, जो आंबेडकरांचा विषय होता, त्यासाठी १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा व विशेषतः त्यातील २०१५ च्या दुरुस्तीचा आधार घ्यावा लागतो.

जमीन आणि मीठ

आयुक्तांच्या अहवालावरील भाषण हे या खंडातील सर्वांत कमी उद्धृत होणारे आणि सर्वांत दूरगामी भाषण होय. अहवालाचे आंबेडकरांनी केलेले वाचन हे लेखापरीक्षकाचे वाचन आहे. अहवालात काय आहे यापेक्षा काय नाही, याकडे त्यांचे लक्ष अधिक. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, नोकऱ्यांतील टक्केवारी यांची माहिती आयुक्त देतात. परंतु खेड्यातील अस्पृश्य माणूस कशावर जगतो आणि कोणाच्या मर्जीवर जगतो, हा प्रश्न त्या तक्त्यांच्या बाहेर राहतो. तो भूमिहीन मजूर आहे तोवर त्याला बहाल केलेला कोणताही हक्क तो वापरू शकणार नाही, कारण हक्क वापरण्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला त्याच माणसाच्या दारात मजुरीसाठी उभे राहावयाचे आहे. म्हणून पडीक जमिनी सरकारने ताब्यात घेऊन त्यांवर अस्पृश्यांना वसवावे, आणि त्यासाठी गरज पडल्यास संविधानात दुरुस्ती करावी, असे त्यांनी सुचविले.

येथे दहा दिवसांच्या अंतराने झालेली दोन भाषणे एकमेकांत मिसळतात. बहिष्कार हे हत्यार चालते कारण समोरच्याकडे जमीन नाही. जमीन दिली तर बहिष्काराची धार बोथट होते. जमीन न देता बहिष्काराला केवळ शिक्षा ठरविली तर तक्रार करणाराच उपाशी राहतो. सामाजिक न्यायाची ही मांडणी आरक्षणाच्या मांडणीहून वेगळी आहे आणि तिला पूरकही आहे. गेल्या काही दशकांत मराठवाड्यातील सामाजिक न्यायाची चर्चा जवळजवळ पूर्णतः प्रवेश आणि नोकऱ्या यांच्या टक्केवारीभोवती फिरू लागली. घनसावंगी व अंबडच्या भागातून दर वर्षी ऊसतोडीला जाणारी, मंठ्याकडून शहरांकडे मजुरीसाठी सरकणारी कुटुंबे या चर्चेच्या परिघावर राहिली. यात दोष आंदोलकांचाच आहे असे म्हणता येणार नाही. परंतु अभ्यासकांनी तरी पंधराव्या खंडाची ही पाने उघडावयास हवी होती.

योजनेसाठी पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नावर आंबेडकरांनी दिलेले उत्तर मोठे विलक्षण आहे. मिठावरील रद्द झालेला कर पुन्हा लावावा आणि त्या उत्पन्नाचा एक निधी गांधीजींच्या नावाने स्थापन करून तो अस्पृश्यांच्या पुनर्वसनासाठी वापरावा, अशी सूचना त्यांनी केली. मिठाच्या सत्याग्रहाने ज्यांचे नाव जगभर गेले त्यांच्याच नावाच्या निधीसाठी मिठावर कर! काही वाचक यात केवळ उपरोध पाहतात. उपरोध आहेच. ज्यांना अस्पृश्यांविषयी गांधीजींचे प्रेम वारंवार सांगावयाचे असते त्यांनी त्या प्रेमासाठी प्रत्येकी थोडेसे मीठ द्यावे, असा तो चिमटा आहे. तथापि ही सूचना गंभीरपणेही केलेली आहे, कारण तिच्यामागे करवसुलीची सुलभता आणि प्रत्येकावर पडणाऱ्या भाराचे अल्पत्व यांचा हिशेब आहे.

समीक्षकाने येथे थांबून एक आक्षेप नोंदविणे आवश्यक ठरते. मीठ श्रीमंत जेवढे खातो तेवढेच, किंबहुना अंगमेहनत करणारा गरीब त्याहून अधिक खातो. म्हणजे भूमिहीनांना जमीन देण्याचा खर्च काही अंशी भूमिहीनांकडूनच वसूल झाला असता. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केलेल्या अर्थशास्त्रज्ञाला हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही. कराचा भार कोणावर पडतो यापेक्षा त्याचा विनियोग कोणासाठी होतो यास त्यांनी महत्त्व दिले, असे फार तर म्हणता येईल. गांधीजींच्या नावावरील चिमट्याच्या मोहात करविषयक युक्तिवादाची बाजू थोडी लंगडी राहिली, असे मत येथे मांडावेसे वाटते. विरोधी सदस्याच्या भाषणात ही जोखीम असतेच. त्याची सूचना अमलात येणार नसते, म्हणून ती मांडताना धार अधिक व तपशील कमी येतो.

भाषणातून रस्त्यावर

आंबेडकरांचे ही भाषणे सभागृहात चालली होती त्याच सुमारास मराठवाड्यात गायरान आणि पडीक जमिनींचा प्रश्न पेटला होता. १९५३ मध्ये भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने येथे सत्याग्रह झाला. पुढे १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. डिसेंबर १९६४ पासून तर देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखोंच्या संख्येने माणसे तुरुंगात गेली. त्याआधी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या सनदेत पडीक जमिनींचे वाटप ही प्रमुख मागणी होती. दादासाहेब या वेळी राज्यसभेचे सदस्य होते. बाबासाहेबांच्या १९५४ च्या भाषणातील योजना त्यांनी सभागृहातून बांधावर नेली, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीला धरून होईल. संसदीय भाषणाचे मूल्यमापन त्याने विधेयकात किती दुरुस्त्या घडविल्या यावरून करण्याची प्रथा आहे. या भाषणाने विधेयकात काहीच घडविले नाही, मात्र दहा वर्षांनंतर तुरुंग भरले.

राज्य शासनाने नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयान्वये १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित व इतर दुर्बल भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. निवडलेली तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षारंभाची होती. त्याच्या अंमलबजावणीत पुरावा हा अडसर ठरला. अतिक्रमणाचा पुरावा म्हणजे अनेकदा महसूल खात्याने वसूल केलेल्या दंडाची पावती. ती ज्याच्याजवळ राहिली तो टिकला. पुढे जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंह प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. त्या निकालाचा रोख धनदांडग्यांवर होता आणि भूमिहीन, अनुसूचित जाती व जमाती यांना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसाठी अपवादही होता. परंतु ज्यांचे कागद अपुरे राहिले होते त्यांच्या वाट्याला अपवादापेक्षा नोटीस आधी आली.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ साली सुरू झालेल्या योजनेत अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. ही जमीन शासनाने खरेदी करून द्यावयाची असते. म्हणजे गावातील कोणी तरी विकावयास तयार असला पाहिजे, आणि शासकीय दराने तयार असला पाहिजे. आंबेडकरांनी पडीक जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार मागितला होता तो नेमका ही अडचण ओळखून. विकणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली जमीन ही मजुरी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या मजुरीहून फार वेगळी नसते.

खंडाच्या संपादनाविषयी

वसंत मून यांनी कालक्रमानुसार केलेली रचना आणि इतर सदस्यांचे अडथळे, प्रश्न, पीठासीन अधिकाऱ्यांच्या सूचना यांसह भाषणे छापण्याचा निर्णय अत्यंत योग्य आहे. गृहमंत्री काटजू यांच्याशी झालेल्या चकमकी वाचताना आंबेडकरांचा तिरकस विनोद कळतो. तो सुट्या उताऱ्यांत कधीच कळत नाही. उणीव आहे ती टीपांची. प्रत्येक विधेयकाचे पुढे काय झाले, कोणती सूचना स्वीकारली गेली, कोणती फेटाळली, याची नोंद नसल्यामुळे वाचकाला भाषण आणि कायदा यांतील अंतर स्वतः मोजावे लागते. ज्या महाविद्यालयात संदर्भग्रंथालयच तोकडे आहे तेथील विद्यार्थ्याने हे अंतर कसे मोजावे? शिवाय भाषणांची भाषा इंग्रजी आहे, आणि ज्यांच्याविषयी ती भाषणे आहेत त्यांच्या नातवंडांपर्यंत ती मराठीतून पोहोचतात तेव्हा बहुतेक वेळा घोषवाक्याच्या रूपात पोहोचतात. राज्यशास्त्राच्या पदवी वर्गात संसदीय व्यवस्थेवरील प्रकरण शिकविताना सप्टेंबर १९५४ मधील या दोन भाषणांचे संपूर्ण वाचन करून घेणे मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाला अशक्य नाही. त्यासाठी निराळ्या अनुदानाची गरज नाही.

महाराष्ट्र पोलीस दलात अनुसूचित जाती-जमातींवरील गुन्ह्यांचा आढावा घेणारा जो विभाग आहे त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण असे आहे. त्याच्या फलकावरील पहिले दोन शब्द १९५४ साली राज्यसभेच्या विरोधी बाकावरून आलेले आहेत. तेथे तक्रार घेऊन जाणारा माणूस मात्र बहुधा ‘ॲट्रॉसिटीचे ऑफिस कोठे आहे’ असेच विचारतो.